गुडघ्याखालची उशी

सत्तरी ओलांडली की भेटणारा प्रत्येक जण आधी गुडघ्यांची चौकशी करतो. कोणी तेल सुचवतं, कोणी लेप, कोणी थेट ऑपरेशन. पण "रात्री झोपता कशा?" असं कोणीच विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न तेलाच्या आधी यायला हवा.

दिवसा दुखणं कामाच्या रगाड्यात मागे पडतं. रात्री घर शांत झालं की गुडघा बोलू लागतो. मग हात आपोआप उशी शोधतो आणि ती गुडघ्याखाली सरकवतो. बरं वाटतं, यात खोटं काही नाही. सुजलेल्या सांध्यात पाणी साठतं आणि गुडघा साधारण ३० अंशांत वाकवला की आतला ताण कमी होतो. म्हणून तर ही सवय इतकी गोड वाटते!

पण हीच उशी रात्रभर, महिनोन् महिने तिथेच राहिली की मांडीमागचे स्नायू आणि सांध्याचं मागचं आवरण हळूहळू आखडतं. पुढे पाय सरळ करू म्हटलं तरी होत नाही. सरळ पायावर उभं राहायला मांडीला फारसे कष्ट पडत नाहीत. वाकलेल्या पायावर मात्र तिला सतत जोर लावावा लागतो. पूर्वी वर्गात खुर्चीसारखं अर्धवट वाकून उभं राहायची शिक्षा असे, ती आठवा. वाकडा राहिलेला गुडघा म्हणजे तीच शिक्षा, जन्मभराची.

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट बजावतात की उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली ठेवा. नव्या गुडघ्याची एवढी काळजी, मग जुन्याने काय घोडं मारलंय?

मग झोपायचं कसं? माझं मत विचाराल तर कुशीवर. दोन्ही गुडघे थोडे वाकवून मधे उशी घ्यावी. ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल एवढी लांब हवी, म्हणजे वरचा पाय खाली लोंबत नाही आणि कंबरही पिळवटत नाही. विकतची उशी हवीच असं नाही, जुन्या लुगड्याची जाड घडी पुरते. पाठीवर झोपायची सवय असेल तर गुडघ्याखालची उशी दुखणं शांत होईपर्यंत ठेवावी आणि डोळा लागण्याआधी काढावी. सकाळी उठायच्या आधी पडल्या पडल्याच पाय दहा वेळा वाकवावेत, सरळ करावेत. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवावर होतं आणि तो द्रव हालचालीनेच खेळता राहतो. झिजेच्या संधिवातात सकाळचं आखडलेपण बहुधा अर्ध्या तासात सुटतं. त्याहून फार वेळ टिकलं, किंवा गुडघा गरम होऊन लाल झाला, तर मात्र उशीचे प्रयोग पुरेत, डॉक्टर गाठावा.

कुशीवर झोपल्याने झिजलेली कूर्चा परत येते असा माझा दावा नाही. कशानेच येत नाही. पण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं, हे आम्हा सगळ्यांच्या अनुभवाचं आहे. म्हणून झोप हवीच, फक्त पाय गमावून नको.

आणखी एक, हे घरातल्या मुला-सुनांसाठी. "आईला खालीच झोपायची सवय आहे" असं कौतुकाने सांगू नका. जमिनीवरून उठताना दुखऱ्या गुडघ्यावर किती भार येतो, ते तिलाच ठाऊक असतं. तिला कॉट द्या, बसल्यावर पाय जमिनीला नीट टेकतील एवढ्या उंचीची.

असो. आमच्या वयात मोठ्या इच्छा उरत नाहीत. रात्री दोन वाजता कोणाला हाक न मारता बाथरूमपर्यंत आपल्या पायांनी जाता यावं, एवढं पुरे. त्यासाठी पाय सरळ होत राहिला पाहिजे, बाकी काही नाही.