वसईचे घटस्फोट आणि चुकीचे दप्तर

वसईच्या न्यायालयात जुने घटस्फोट फारसे सापडत नाहीत, म्हणून तिथले संसार अभंग होते, असे म्हणणारे मुळात चुकीच्या दप्तरात शोधत असतात. वसई १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती. १८६९च्या घटस्फोट कायद्याखाली ख्रिस्ती दाम्पत्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा थेट उच्च न्यायालयात जाई. जिल्हा न्यायालयाचा हुकूमनामाही उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अपुराच. ही अट कायद्यातून २००१मध्ये गेली. तेव्हा माग ठाण्यात आणि मुंबईत काढावा. नकलेसाठी अर्ज करताना पक्षकारांची नावे आणि साल हाती असावे, नाहीतर हेलपाटे ठरलेले.

हिंदूंमधल्या अनेक जातींत काडी मोडून नाते तोडण्याची रूढी होती. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या २९व्या कलमाने ती अबाधित ठेवली. पंचांपुढे मोडलेल्या काडीची नक्कल कोणता कारकून देणार?

आणि जिथे निकाल खरोखरच थोडे आहेत तिथे? १८६९च्या कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र साध्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग दाखवावा लागे. नुसती मारहाण सोसणारीला फार तर न्यायिक विभक्तता मिळे, घटस्फोट नव्हे. तिचे नाव घटस्फोटांच्या यादीत १९९७पूर्वी येणारच नव्हते.