पायाखाली बघा, काका!

मागच्या महिन्यात लोणावळ्याला सगळे जमलो होतो. भजी चालू होती. काकांच्या (नाव घेत नाही, ते हा ब्लॉग वाचतात) नातीने गुरूच्या आयो या चंद्राचा फोटो मोबाइलवर दाखवला. ज्युनो यानाने अवरक्त प्रकाशात टिपलेला, जागोजागी ज्वालामुखी निखाऱ्यांसारखे चमकणारा. काका म्हणाले, "कुठल्या कुठल्या चंद्रावरचे ज्वालामुखी बघून कुणाचं पोट भरणार? आधी पायाखाली बघा!" पोरीने मोबाइल पालथा ठेवला.

काका, बघाच एकदा पायाखाली.

तुम्ही खुर्ची टाकून बसला होतात तो काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला. कार्ल्या-भाज्याची लेणी त्यातच कोरली आहेत. या थरांच्या एका भागाला भूवैज्ञानिक चक्क 'लोणावळा उपगट' म्हणतात. आपल्याला मात्र लोणावळा म्हटलं की चिक्की! मी लोहगड कितीदा चढलो, पण आपण लाव्हावर चालतोय हे मला कुणी सांगितलं नाही.

तो लाव्हा वाहताना बघायला माणूस नव्हता. आयोवर आजही शेकडो किलोमीटर लांब लाव्हा पसरतो. तिथली उष्णता वेगळ्या कारणाने येते, हे कबूल. गुरू आणि शेजारचे चंद्र आयोला सतत ओढून पिळत असतात. पण एवढा लाव्हा कसा वाहतो नि कसा थिजतो, हे बघायला दुसरी जागा कुठे आहे?

आता अवरक्तच का? गॅसवरून उतरवलेला तवा काळाच दिसतो, हात जवळ नेला की धग कळते. ती धग म्हणजे अवरक्त. आयो गुरूच्या सावलीत शिरला की त्याच्यावरचं ऊन जातं, उरते ती ज्वालामुखींची धग. त्याहून भारी युक्ती ८ मार्च २०१५ ची. त्या दिवशी युरोपा हा चंद्र आयोच्या पुढून सरकत गेला. लोकी नावाचा २०० किलोमीटर रुंद लाव्हाचा तलाव हळूहळू झाकला गेला, आणि धग कशी कमी होत गेली ते अ‍ॅरिझोनातल्या दुर्बिणीने मोजलं. त्यावरून तलावाचा कुठला भाग जास्त तापलाय त्याचा नकाशा निघाला! मला तर हे वाचून झोप लागली नव्हती.

"पण खर्च?" हवाईमधल्या केक आणि जेमिनी दुर्बिणींनी २०१३ ते २०१८ मध्ये २७१ रात्री आयो पाहिला. या दुर्बिणी काही आयोसाठी बांधलेल्या नाहीत. इतर कामांच्या मधली थोडी थोडी वेळ घेतली, इतकंच. आणि हे 'गोऱ्यांचे चोचले' असंही समजू नका. मुंबईच्या टीआयएफआरने अवरक्त प्रकाश टिपणारं टर्स्पेक नावाचं उपकरण बनवलं. ते २०१३ मध्ये लडाखमधल्या हानले इथल्या दुर्बिणीला बसवलं. हानले सुमारे ४५०० मीटर उंच आणि कोरडं. हवेतली वाफ अवरक्त गिळते, म्हणून लोणावळ्याच्या धुक्यात हे काम होणं नाही.

दिवाळीत परत जमूच. तेव्हा तिला तो फोटो पुन्हा दाखवायला तुम्हीच सांगा. भाज्याला मी नेतो दोघांना.