विश्लेषण : दुधातले बुरशीचे विष येते कुठून? पेंडीच्या पोत्याकडे लक्ष का हवे?

दुधातील भेसळ म्हटले की युरिया, डिटर्जंट, पाणी आठवते. पण भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने अवघे १२ निघाले. अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने मात्र ३६८, म्हणजे ५.७ टक्के होते. हे विष दुधात कोणी मिसळत नाही. ते जनावराच्या खाद्यातून येते आणि दुधात उतरण्याआधी जनावराच्या यकृतावर घाव घालते. चर्चा होते ती फक्त पिशवीतल्या दुधाची.

हे विष तयार कसे होते?

अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी शेंगदाणा, सरकी, मका यांवर वाढते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा शेंगदाणा पेंडीतून या विषाचा शोध लागला. न्यूझीलंडमध्ये गायी कुरणात चरतात, त्यामुळे तिथे गवतावरच्या वेगळ्याच बुरशीचा त्रास होतो आणि हंगामात तिच्या बीजाणूंची मोजणी जाहीर केली जाते. आपल्याकडची संकरित गाय बहुतांशी गोठ्यात बांधलेली. त्यामुळे धोका साठवणीत आहे : ओल्या जमिनीवर टेकलेली पेंडीची पोती, अवकाळी पावसात भिजलेला मका, हवा शिरलेला मुरघास.

जनावराला नेमके काय होते?

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजीव काही विषे निकामी करतात, पण अफ्लाटॉक्सिनचा बराचसा भाग त्यातून सुटतो. वासरांचे हे पोट पुरते तयार नसल्याने त्यांना धोका अधिक. भाताच्या बुरशीयुक्त पेंढ्याने म्हशींना होणाऱ्या डेगनाला रोगात शेपटी, कान, खूर सडतात. ते निदान डोळ्यांना दिसते तरी. अफ्लाटॉक्सिनचे तसे नाही. खाणे कमी होते, दूध घटते, प्रतिकारशक्ती ढासळते. मक्यावरील फ्युजेरियम बुरशीचे झिअरालेनोन हे विष तर स्त्री-संप्रेरकासारखे वागते आणि गाय वारंवार उलटते. शेतकरी टॉनिक, कॅल्शियम, इंजेक्शनवर खर्च करत राहतो. पोते तपासायचे राहून जाते.

दुधात किती उतरते?

खाद्यातील बी-१ विषाचा साधारण १ ते ३ टक्के भाग एम-१ होऊन दुधात येतो. जास्त दूध देणाऱ्या गायीत हे प्रमाण आणखी वाढते. हिशेब सोपा आहे. किलोमागे ६० मायक्रोग्रॅम विष असलेले ५ किलो खाद्य म्हणजे दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम. त्याचे २ टक्के, म्हणजे ६ मायक्रोग्रॅम, १० लिटर दुधात उतरले तर लिटरमागे ०.६ होतात. भारतातील मर्यादा किलोमागे ०.५ आहे, युरोपची ०.०५. दूध उकळून किंवा पाश्चराइज करून हे विष जात नाही.

नियमांचे काय?

भारतीय मानक ब्युरोनुसार पशुखाद्यात किलोमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत विष चालते. एफएसएसएआयने २०२० मध्ये पशुखाद्य उत्पादकांना या मानकाचे प्रमाणपत्र बंधनकारक करणारा आदेश काढला, पण त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. शिवाय सुटी पेंड आणि घरचे मिश्रण कारखान्यावरच्या नियमात कसे बसणार? संकलन केंद्रावर दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर. चांगली पेंड घेणाऱ्याला किंवा विष शोषणारी बेंटोनाइट माती खाद्यात मिसळणाऱ्याला त्याचा वेगळा पैसा मिळत नाही. भुर्दंड त्याचाच.

दूषित खाद्य थांबवल्यावर तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होऊ लागते. यकृत सावरायला मात्र वेळ लागतो. बुरशी झटकून किंवा पेंड उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याची सवय मोडायला हवी, कारण त्याने बुरशी दिसेनाशी होते, आत उतरलेले विष तसेच राहते.