विचारणारा मागे बसलेला असतो
नाक्यावरून : नाकेदार, तळेरे

तळेऱ्याहून महामार्गाने खाली निघालं की चिपी काय आणि मोपा काय, विमानतळाला जाण्याची वाट एकच. चिपीला ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रवासी विमान उतरू लागलं, मोपाला जानेवारी २०२३ मध्ये. गणपतीला रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही तर चाकरमानी आता विमानाचे दर बघतो. तेव्हा मी करूळ घाट आणि महामार्गाचे खड्डे आठवडाभर बाजूला ठेवतो.

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मोपाहून हैदराबादला निघालेलं एअर इंडियाचं विमान धावपट्टी सोडून शेजारच्या टॅक्सी-वेवरच उड्डाणासाठी सुटलं. नियंत्रण टॉवरच्या ते लक्षात आलं आणि उड्डाण थांबवलं गेलं. त्याच वर्षी ८ जूनला मुंबईत एअर इंडियाचं विमान उड्डाणासाठी धावत असताना त्याच धावपट्टीवर मागून इंदूरचं इंडिगो टेकलं. उतरायची परवानगी टॉवरचीच होती, असं इंडिगोचं म्हणणं. मोपाचे वैमानिक आणि मुंबईचा नियंत्रक यांना कामावरून बाजूला केलं गेलं. आपल्यापर्यंत आलेली बातमी एवढीच.

विमानाच्या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं की ऐकणाऱ्याच्या कानात नुसती शिट्टी. म्हणून नियम असा, की नियंत्रकाने उंची किंवा धावपट्टी सांगितली की वैमानिकाने ती जशीच्या तशी म्हणून दाखवायची आणि चुकली तर नियंत्रकाने तिथल्या तिथे टोकायचं. नियम चोख आहे. पण घाईत माणूस जे ऐकायचं ठरवून बसलेला असतो तेच ऐकतो. मुंबईला तर धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि तिच्यावर तासाला चाळीसहून अधिक विमानं.

नोव्हेंबर १९९६ मध्ये हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली, तेव्हा बराच ठपका कझाक चमूच्या कच्च्या इंग्रजीवर आला. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचं होतं, ते खाली १४,००० पर्यंत आलं. टॉवरशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वैमानिकांच्या मागे बसलेला, त्याच्यापुढे स्वतःचं उंचीमापकसुद्धा नव्हतं. पुढच्यांच्या खांद्यावरून डोकावून काटा बघायचा! इंग्रजी कच्चं होतं हे खरंच. २००८ पासून आंतरराष्ट्रीय वैमानिकांना आणि नियंत्रकांना इंग्रजीची ठराविक पातळी सक्तीची झाली, तेही बरंच झालं. पण सगळं इंग्रजीच्या माथी मारणं मला पटत नाही.

याला कारण टेनेरिफचा विमान अपघात. २७ मार्च १९७७, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो. केएलएमच्या विमानाने आपण निघाल्यासारखं काहीतरी सांगितलं, टॉवर 'ओके' म्हणाला आणि मग थांबायला सांगितलं. नेमकं त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचा वैमानिक 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असं बोलला. केएलएमच्या कानात शिट्टी. तरीही मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली आणि त्याने विचारलं, ते पॅन अ‍ॅम बाजूला झालेलं नाही का? विचारलं ते डचमध्ये, म्हणजे मातृभाषेत. कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालंय. कॅप्टन कंपनीतला मोठा माणूस, नव्या वैमानिकांना शिकवणारा. इंजिनिअर गप्प बसला. विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ मेले.

साहेबाला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हे आपल्याकडे वेगळं शिकवावं लागत नाही. पंचायतीपासून मंत्रालयापर्यंत 'होय साहेब' म्हटलं की काम झालं. रेल्वेने मात्र यावर जुना उपाय करून ठेवलाय. फाटक बंद केलं म्हणून गेटमनने स्टेशन मास्तरला नुसतं 'होय' म्हणून भागत नाही. तो ठरलेल्या कागदावरचा प्रायव्हेट नंबर सांगतो, मास्तर तो वहीत लिहितो, मगच पुढचं. त्यात मास्तर मोठा की गेटमन, हा प्रश्नच येत नाही.

विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) माणसं बाजूला करावीत, जरूर करावीत. पण मोपा आणि मुंबईला त्या वेळी रेडिओवर काय बोललं गेलं, कोणी विचारलं आणि कोण गप्प राहिलं, ते नावं वगळून शब्दशः प्रसिद्ध करावं. चिपी आणि मोपाच्या टॉवरमध्ये उद्या रुजू होणाऱ्या पोरांना ते वाचायला मिळालं पाहिजे.