दोष इंजिनाचा नव्हे, इंधनाचा

१/१२
समाजमाध्यमांवर एक तुलना वारंवार दिसते. प्रीमियर पद्मिनीचा कॉम्प्रेशन रेशो सातच्या आसपास, आजच्या गाड्यांचा दहा ते तेरा. त्याखालचा निष्कर्षही ठरलेला: परवाना राजमधील आपल्या अभियंत्यांना याहून बरे इंजिन जमतच नव्हते. मित्रहो, हा अर्धा पुरावा झाकून दिलेला निकाल आहे. झाकलेला अर्धा भाग पेट्रोलच्या टाकीत सापडतो.

२/१२
प्रथम संकल्पना. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जितकी जागा असते, तिचे पिस्टन वर गेल्यावर उरणाऱ्या जागेशी असलेले गुणोत्तर म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. आदर्श गणितात ७ रेशोच्या इंजिनाची कार्यक्षमता सुमारे ५४ टक्के, तर १० रेशोची ६० टक्के. प्रत्यक्षातील आकडे बरेच खाली असतात. दिशा मात्र तीच. मग रेशो सर्वांनीच का वाढवला नाही?

३/१२
उत्तर आहे डिटोनेशन. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच पुढचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते व दाबाच्या लाटा सिलिंडरवर आदळतात. गॅरेजमध्ये याला ‘नॉकिंग’ म्हणतात. ते चालू राहिले तर पिस्टनची वाट लागते. ही मर्यादा इंधनावर अवलंबून असते, हे ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो याने शतकापूर्वीच प्रयोगांनी दाखवले. इंधनाची ही सहनशक्ती ऑक्टेन अंकाने मोजतात.

४/१२
आता आपले पेट्रोल पाहू. १९९० च्या दशकात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ८७ होता. पुढे भारत स्टेज दोनच्या मानकात तो ८८ झाला आणि तीनच्या मानकात ९१. त्यातच रॉकेलची भेसळ सर्वश्रुत होती, आणि रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलहून फारच कमी. अशा पेट्रोलवर मुंबईची टॅक्सी दिवसभर चालवायची असेल, तर रेशो कमी ठेवणे हाच शहाणपणा.

५/१२
‘आपल्याकडे तेवढा दाब सोसणारे धातुकाम नव्हते,’ असे कोणी म्हणेल. त्यांनी परभणी जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या विहिरीवर जाऊन पाहावे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची, कारखाना पुण्याच्या खडकीचा. विहिरींवरच्या त्या डिझेल इंजिनांचा रेशो १६ ते १८ च्या दरम्यान. डिझेल इंजिन केवळ हवा दाबते आणि इंधन नंतर सोडते. म्हणून पेट्रोलची ती मर्यादा त्याला लागू होत नाही. काळ तोच, परवाना राज तेच, आणि रेशो दुपटीहून अधिक!

६/१२
आणखी एक उदाहरण. १९४० साली ब्रिटनचे आकाश राखणाऱ्या स्पिटफायर विमानातील रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाचा रेशो होता ६. पद्मिनीपेक्षाही कमी! तरीही ते हजारावर अश्वशक्ती देई, कारण त्यात सुपरचार्जर होता आणि जोडीला १०० ऑक्टेनचे इंधन. रेशोवरूनच प्रगती ठरवायची, तर मर्लिनलाही मागास म्हणावे लागेल.

७/१२
टर्बोचे तत्त्व याच्या जवळचे. बाहेर पडणाऱ्या धुराच्या वेगावर टर्बाइन फिरते, आणि तिला जोडलेला कॉम्प्रेसर हवा दाबूनच सिलिंडरमध्ये ढकलतो. आधीच दाबलेली, तापलेली हवा पिस्टन पुन्हा दाबतो. म्हणून टर्बो इंजिनाचा रेशो सहसा कमी ठेवतात. साधे, स्वतःच्या श्वासावर चालणारे इंजिन मात्र तो उंच नेऊ शकते: माझ्दाने २०११ साली टर्बोविना १४ गाठले. म्हणजे ‘जास्त रेशो तो आधुनिक’ हे सूत्र टर्बोच्याच बाबतीत कोसळते.

८/१२
दोन्ही एकदम साधण्याचा हट्ट अमेरिकेने करून पाहिला. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर: टर्बोही आणि १०.२५ रेशोही. डिटोनेशन रोखायला पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडावे लागे. अनेक मालक ती टाकी भरेनात. गाडी दोन वर्षांत बंद पडली.

९/१२
मार्ग निघाला तो इलेक्ट्रॉनिक्समुळे. नॉकिंग ओळखणारा सेन्सर ठिणगी क्षणात मागे घेतो, टर्बोचा दाब कमी करतो. इंटरकूलर हवा थंड ठेवतो. रांजणगावात तयार होणारी पेट्रोल नेक्सॉन १.२ लिटरमध्ये टर्बो बाळगते, ती या चार-पाच दशकांच्या शिदोरीवर.

१०/१२
परवाना राजची वकिली मला करायची नाही. स्पर्धा नसल्याने पद्मिनी दशकानुदशके जवळपास तशीच विकली गेली, हे खरेच. पण तो आरोप धोरणावर ठेवा. कुर्ल्याच्या कारखान्यातील कारागिराच्या माथी तो मारण्यासाठी कॉम्प्रेशन रेशोची साक्ष काढू नका. ती साक्ष उलटते.

११/१२
इंधनाचा इतिहास गाळल्याने आणखी एक गुन्हा नजरेआड होतो. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला शिशाचे संयुग नॉकिंग थांबवते असे आढळले. अल्कोहोलही तेच काम करते, हे तेव्हा ठाऊक होते. तरी निवड शिशाची झाली. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे पाच कामगार त्या विषाने मेले. तरीही ते पेट्रोल जगभर विकले गेले. भारतात ते पूर्णपणे थांबायला फेब्रुवारी २००० उजाडावे लागले. तोवर आपली पिढी जन्मली होती.

१२/१२
आज अल्कोहोल इथेनॉलच्या रूपाने परतले आहे. त्याचा ऑक्टेन उंच, पण प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांशाने कमी. उंच रेशोचे इंजिन त्या ऑक्टेनचा लाभ घेईल; जुन्या कमी रेशोच्या गाडीच्या वाट्याला बहुतांशी मायलेजची घटच येईल. आणि यातील बरेच इथेनॉल ज्या उसाचे, तो गंगाखेड-पाथरीच्या पट्ट्यात गोदावरीचे आणि जायकवाडीचे पाणी पिऊन उभा राहतो. मराठवाड्यात बसून इंजिनाचा इतिहास लिहिताना हे पाणी हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. म्हणून कोणी नुसता रेशो पुढे केला, की विचारा: साल कोणते, इंधन कोणते, आणि त्याची किंमत कोणी मोजली?