टाकीतला गंज आणि छातीतलं पेट्रोल

"डॉक्टर, फक्त एक घोट गेला हो. लगेच थुंकलो."

हे एवढं वाक्य पुरं करतानाही त्या तरुणाला तीन वेळा खोकला आला. वडिलांची जुनी बाईक पुन्हा रस्त्यावर आणायची, म्हणून त्याने टाकीतला गंज घरीच काढायला घेतला होता. कॉक तुंबलेला, म्हणून रबरी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढलं. पुढे घरच्यांनी काळजीपोटी मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. दुसऱ्या दिवशी अंगात ताप आणि एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा.

मला त्याचा राग आला नाही. नवी टाकी महाग आहे, जुन्या गाडीची तर मिळतच नाही, आणि वडिलांची गाडी भंगारात घालवत नाही हे मला समजतं (माझीही एक स्कूटर गेली कित्येक वर्षं जिन्याखाली उभी आहे). राग आहे तो "५० रुपयांत टाकी चकाचक" म्हणणाऱ्या व्हिडिओंचा. पायात स्लीपर, उघडे हात, डोळ्यांवर काही नाही. संडास साफ करायचं ॲसिड टाकीत ओततात, फेस वर येतो, मागे गाणं वाजतं. तो फेस कशाचा आहे, हे कोणी सांगत नाही.

तो हायड्रोजन असतो. ॲसिड गंजाबरोबर खालचं चांगलं लोखंडही खातं आणि त्यातून हा वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत ४ टक्के जरी झाला तरी ठिणगीने पेटतो. त्यात टाकी "रिकामी" असते, म्हणजे पेट्रोल नसतं पण वाफ असते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत मात्र दोन्हींचं मिश्रण नेमकं जमू शकतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, ती जमिनीवरून सरपटत शेजारच्या देवघरातल्या समईपर्यंत पोचते. तरीही "टाकीला भोक आहे? वेल्डिंग मारून घ्या" असा सल्ला सर्रास दिला जातो!

आता तो एक घोट. पेट्रोल पोटात गेलं तर त्रास होतो, पण खरा घात होतो ते श्वासनलिकेत गेल्यावर. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ, त्यामुळे थोडंसं गेलं तरी फुप्फुसात झपाट्याने पसरतं आणि तिथलं नाजूक अस्तर जाळतं. उलटी करवली की त्याला खाली उतरायची दुसरी संधी मिळते. म्हणून पेट्रोल गिळलं असेल तर उलटी करवू नका, दूध-मीठ काही पाजू नका. खोकला किंवा दम लागत असेल तर १०८ ला फोन करा. बरं वाटत असलं तरी दवाखान्यात या. किमान सहा तास लक्ष ठेवावं लागतं, कारण लक्षणं उशिरा दिसू शकतात.

"गॅरेजवाले रोज हेच करतात, त्यांना काय होतं?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. त्यांच्या हातांकडे कधी नीट पाहिलंत का? भेगा, खरूज म्हणून दाखवायला आणलेला इसब, सततची डोकेदुखी. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं आणि ते रक्ताचा कर्करोग घडवतं, हे सिद्ध झालेलं आहे. मिस्त्री तक्रार करत नाही, याचा अर्थ त्याला काही होत नाही असा नाही.

ॲसिडबद्दल तर बोलायलाच नको. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्र आणि नोंदवहीशिवाय ॲसिड विकायला बंदी घातली. दारावर येणारा ॲसिड-फिनाईलवाला कोणाचं ओळखपत्र बघतो? त्यात एखादा शहाणा ब्लीचिंग पावडर मिसळतो आणि बंद मोरीत क्लोरीन वायू तयार करतो.

मग गंज काढायचाच नाही का? काढा, पण ॲसिडशिवाय. पेट्रोल कॉकच्या नळीतून डब्यात सोडा किंवा हातपंपाने काढा, तोंडाने कधीही नाही. मोकळ्या अंगणात साबणाच्या पाण्याने टाकी दोन-तीनदा धुवा. मग वाण्याकडचं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून रात्रभर भरून ठेवा. वेळ लागतो, लागू दे. झाकण मात्र घट्ट लावू नका. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून लगेच वाळवा. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. नेहमीचा नंबरचा नव्हे, बाजूंनी बंद असलेला.

आतून लावायच्या सीलरच्या बाबतीत माझं मत कडक आहे. त्यातल्या द्रावकाची वाफ बंद खोलीत चक्कर आणते, आणि इपॉक्सी कातडीला लागून एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. पत्र्याला आरपार भोकं पडली असतील तर वरून लेप देऊन ती गाडी चालवू नका. खाली तापलेलं इंजिन असतं आणि वर तुम्ही बसलेले असता. अशी टाकी बदला.

ॲसिड अंगावर उडालंच तर कपडे काढून निदान २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून धुवा आणि मगच रिक्षा शोधा. घरात उरलेलं ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं असेल, तर ती बाटली आज, आत्ता शोधा. फ्रिजमधल्या बाटलीत आणि तिच्यात लहान मुलाला फरक कळत नाही.