बोळात फरशी घालण्याआधी

बारामती आणि इंदापूरच्या जुन्या वस्त्यांत सध्या एक काम जोरात चालू आहे. घराच्या भिंतीला लागून जी पाच-सहा फुटांची मोकळी पट्टी असते, जिला आपण बोळ म्हणतो, ती पेव्हर ब्लॉकने बंद करायची, वर पत्रा टाकायचा आणि खाली दुचाक्या लावायच्या. इंदापूरच्या आमच्या घरातही हाच विषय निघाला आहे. घर जुने आहे. निम्मे माळवद, निम्मे पत्रा. पुतण्याने खर्चाचा अंदाज काढून आणला आहे. त्याचा हेतू चांगला आहे: चिखल जावा, घर नीटनेटके दिसावे. तरीही माझे मत विरुद्ध आहे. बोळ जरूर सुधारावा, पण त्याची माती झाकू नये.

पहिले कारण पाण्याचे. आपला भाग पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस साधारण 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. निरा डाव्या कालव्याने काही गावे बागायती केली, सुपे-मोरगावचा पट्टा जिरायतीच राहिला. इंदापूर तालुक्याच्या कडेला उजनीचा फुगवटा पसरला आहे. त्यासाठी पळसदेवसारखी जुनी गावे पाण्याखाली गेली. पण धरण जवळ असले म्हणून घरातला नळ रोज वाहतो असे नाही. उन्हाळ्यात आपण बोअरवर आणि टँकरवर येतो.

आता हिशेब करू. 6 फूट रुंद आणि 40 फूट लांब बोळ म्हणजे सुमारे 22 चौरस मीटर. त्यावर वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस पडला तर ते 11 हजार लिटर पाणी होते. बोळाकडे उतरणारे छत 400 चौरस फूट धरले तर त्याचे आणखी 18 हजार लिटर. यातले सगळे मुरत नाही, काही उडून जाते, काही वाहून जाते. पण सिमेंटचा थर देऊन ब्लॉक बसवले की जवळजवळ सगळेच गटारात जाते. मग तेच पाणी मे महिन्यात आपण टँकरवाल्याकडून विकत घेतो.

दुसरे कारण भिंतीचे. जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या असतात आणि त्यांना ओल बाहेर टाकायला वाट लागते. भिंतीला खेटून पक्की फरशी आली, वरून सिमेंटचा गिलावा झाला की ओल आत कोंडते. मग गिलाव्याचे पोपडे सुटतात, मिठासारखी पांढरी पूड दिसते. त्यात खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फरशीचा उतार थोडा जरी घराकडे आला तरी पाणी पायात शिरते. ब्लॉक बदलता येतात, पाया बदलता येत नाही.

मग करावे काय? मी घरात मांडलेली योजना साधी आहे. भिंतीलगत दीड फूट कडक मुरूम चोपून घ्यायचा, उतार बाहेरच्या बाजूला. मधे चालण्यापुरत्या शहाबादी फरश्या, सांधे न भरता मुरमातच बसवलेल्या. पलीकडच्या कडेला मातीची पट्टी. छताचा पाइप बोळाच्या टोकाला, पायापासून आणि शौचालयाच्या टाकीपासून लांब, दगडगोट्यांच्या शोषखड्ड्यात सोडायचा. टाकीचे झाकण मोकळे ठेवायचे. दुचाक्यांसाठी रस्त्याकडची दहा फूट जागा पक्की केली तरी पुरे. सापाची भीती खरी आहे, पण साप मातीमुळे येत नाही. तो अडगळीतल्या उंदरांमागे येतो. तेव्हा आधी अडगळ काढावी.

झाडांना पाणी कुठून, हा प्रश्न पुतण्याने विचारला आणि तो रास्त आहे. उत्तर आपल्या घरातच आहे. वजूच्या पाण्यात साबण नसतो. घरात नियमित नमाज पढणारे चौघे आणि एका वजूला तीन लिटर धरले तरी पाच वेळचे 60 लिटर होतात. ते मोरीत जाण्याऐवजी एका वेगळ्या नळीने मातीच्या पट्टीत नेले तर एक लिंबू, एक कढीपत्ता आणि मेंदीची रांग सहज जगते. वाहत्या नदीच्या काठी असाल तरी वजू करताना पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. पैगंबरांचा वजू एक मुद, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर पाण्यात होत असे, असेही हदीसमध्ये येते. ऐकलेले अमलात आणायला घराच्या बोळाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

तिसरे कारण माणसांचे, आणि माझ्या दृष्टीने ते सर्वांत मोठे आहे. पुरुषांच्या लेखी बोळ ही उरलेली जागा. घरातल्या बायकांच्या लेखी ती कामाची आणि मोकळ्या हवेची जागा. अम्मी तिथे डाळी वाळवतात, भांडी घासतात, दुपारी शेजारच्या काकूंशी भिंतीवरून बोलतात. बकरी ईदचा बकरा तिथेच बांधला जातो, लग्नाची देग तिथेच चढते. पत्रा आला की ऊन गेले, दुचाक्या आल्या की उठबस गेली. असे असताना खर्चाचा अंदाज येईपर्यंत अम्मींना कुणी काही विचारले नव्हते. वडिलार्जित घरात लग्न होऊन गेलेल्या बहिणींचाही शरियतने ठरवलेला वाटा असतो. तो कागदावर मान्य करायचा आणि घराचा आकार बदलताना त्यांना फोनही करायचा नाही, ही आपल्या समाजातली जुनी सवय आहे. ती मोडायला एवढे छोटे कामही पुरेसे आहे.

शेवटी शेजारी. बोळाची एक बाजू बहुधा त्यांची असते. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड बसवू द्यावे, असे हदीस सांगते. आपण मात्र वीतभर जागेसाठी बोलणे बंद करतो. पेव्हरचा उतार त्यांच्या भिंतीकडे देऊन आपले अंगण कोरडे ठेवणे हाही अन्यायच. म्हणून काम सुरू करण्याआधी हद्द पाहून घ्यावी. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या सोनोरीत झाला. 2020 पासून स्वामित्व योजनेत अशी मोजणी होऊन गावोगावच्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा मिळतो. कागद हातात ठेवावा, पण आधी चहा घेऊन शेजाऱ्याकडे जावे. दोन्ही घरांचे छताचे पाणी एकाच शोषखड्ड्यात नेले तर खर्चही निम्मा होतो.

पुतण्याला मी एवढेच सुचवले आहे: कंत्राटदाराला होकार देण्याआधी एक पाऊस बोळात उभे राहून बघ, पाणी कुठून येते आणि कुठे जाते. मग अम्मींना विचार, दोन्ही आत्यांना फोन कर, शेजारच्या काकांना भेट. एवढे झाल्यावरही सगळ्यांना फरशीच हवी असेल तर माझा आग्रह नाही. पण मला वाटते, तेव्हा ती कुणी मागणार नाही.